दुसरी फट

फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली
की आई आधी खालीच बोट ठेवते.
"हितंबी मोडलंय की हो."
घोट्याच्या वर आडवी, काळी, दोऱ्याएवढी रेघ.
मिरजेच्या या प्लॅस्टर-खोलीत एकतीस वर्षं
मी हेच सांगत आलोय:
ताई, ते मोडलेलं नव्हे. तिथनं पोरगी वाढते.
मोडलंय ते वर, नडगीच्या मधोमध,
ते बघा, तिरकं,
कांडं पिरगाळून तोडावं तसं.

मायाक्का कोळेकर. तेरावं सरलेलं नाही.
मुक्काम बिळूर, तालुका जत.
खांबाला वळसा घेताना पाऊल मातीत रुतलं
आणि अंग पुढं निघून गेलं.
पहिले चार दिवस बांबूच्या कामट्या, अंड्याचा बलक,
गावच्या हाडवैद्याचा हात.
हात वाईट नव्हता त्याचा.
त्याच्याकडं हा उजेडाचा डबा नव्हता, एवढंच.

आमचं प्लॅस्टर मांडीपर्यंत, गुडघा जरा दुमडून.
दोन आठवड्यांनी पुन्हा फिल्म: हाड कललेलं.
शिरगुप्पे मॅडमनी पेन्सिलीनं दोन रेषा ओढल्या,
कोनमापक ठेवलं, शाळेतलंच, प्लॅस्टिकचं.
आठ अंश.
बाप म्हणाला, "रॉड घाला मॅडम.
डिसेंबरात जिल्ह्याच्या मॅची हैत."
मॅडम बराच वेळ खालच्या रेघेकडंच बघत होत्या.
"या वयात हाड ऐकतं," म्हणाल्या.
"आधी सांगून बघू. नाहीच ऐकलं, तर मग बघू.
मुलाणी, वेज करू या."

वेज म्हणजे असं:
प्लॅस्टरला तीन बाजूंनी चिरायचं,
एक बाजू बिजागरीसारखी राखायची,
आणि फट उघडायची, हळू,
आतलं हाड सरळ होईल इतकीच.
करवत सुरू केली तशी पोरगी भिंतीला लागली.
मी पातं माझ्याच तळहाताला टेकवलं.
हे फिरत नाही गं, नुसतं थरथरतं.
ती माझ्या हाताकडं बघत राहिली, रक्त येतंय का म्हणून.

म्हटलं, सहन होईना झालं की 'खो' म्हण.
मी थांबतो.

फट उघडत गेली. एक आटा. अजून एक.
टेबलाच्या दांडीवर तिची बोटं पांढरी.
आई कोपऱ्यात पदर तोंडात धरून.
दोनदा मी आपणहून थांबलो.
तिनं खो दिला नाही.
फटीत कॉर्कचा तुकडा बसवला, सेंटीमीटरचा,
वरून ओल्या पट्ट्यांचा वेढा.
पाय आतून गरम होतो तेव्हा.
"हे भाजतंय," एवढंच बोलली.

पुढची फिल्म सरळ आली.
मॅडम 'हं' म्हणाल्या. त्यांचं तेवढंच असतं.
मग गुडघ्याखालचं प्लॅस्टर, मग कुबड्या.
डिसेंबर गेला. जिल्ह्याच्या मॅचीत बिळूर पहिल्याच फेरीत हरलं,
बापानं ते मला सांगितलं, मी पाय मोडल्यासारखं.

काढलं त्या दिवशी
पाय बारीक, खवल्या सुटलेला,
काळी लव दाट उगवलेली.
तिनं झटकन ओढणी टाकली त्यावर.
मी कात्री शोधत राहिलो. कात्री हातातच होती.

उभी राहिली तर सलवार घोट्याच्या वर.
"ही धुऊन आटली," आई म्हणाली.
नव्या सलवारीचा हिशोब दारातच सुरू झाला.
पोरगी मात्र उजेडाच्या डब्यापुढं,
खालच्या रेघेपुढं.
"ही कधी बुजणार?"
दोन वर्षांनी. तीन म्हण.
"बुजली की मग?"
मग हाड मोठ्या माणसाचं. पुन्हा मोडलं, तर रॉड.
तिनं मान हलवली, पटल्यासारखी, न पटल्यासारखी.

चिंध्या भरताना कॉर्कचा तुकडा आठवला.
वेजचं प्लॅस्टर बदललं त्या दिवशी मागून घेतला होता तिनं,
कंपासपेटीत ठेवायला,
बहुतेक कोनमापकाच्या शेजारी.